एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) नट जाम होतात, दरवेळी दोष मालाचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या अपार्टमेंटच्या टेरेसवर पाण्याच्या लाइनचा फ्लँज (दोन पाइप बोल्टनं जोडायची चकती) गळायला लागला म्हणून मधलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारं पॅकिंग, बदलायला माणूस बोलावला, तर निम्म्याहून जास्त नट जागचे हलेनातच, रॉकेल ओतून झालं, हातोडी मारून झाली, शेवटी ग्राइंडरनं बोल्ट कापले. आणि मग सगळ्यांचा एकच निकाल, डुप्लिकेट माल, एसएस सांगून लोखंड गळ्यात मारलं.

पण गंज होता कुठं? कापलेला बोल्ट बघितला तर आटे उचकटून एकमेकात घुसलेले आणि मधे चकचकीत चुरा. म्हणजे नट बसवतानाच जाम झालेला, फिटिंगवाल्याला वाटलं फिट्ट बसला आणि तो पुढच्या कामाला गेला. याला गॉलिंग म्हणतात आणि चांगल्या ३०४, ३१६ ग्रेडच्या एसएसला पण हे होतं, उलट तिथंच जास्त होतं.

एसएस गंजत नाही कारण त्यातल्या क्रोमियममुळं वर ऑक्साइडचा एकदम पातळ थर असतो, ओरखडा पडला तरी हवा लागली की परत धरतो. नट आवळताना मात्र आटे दाबाखाली एकमेकावर घासतात, थर फुटतो, आत हवा पोचत नाही आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, वेल्डिंगच म्हणा की, फक्त रॉड नाही. त्यात हा धातू मऊ आणि चिवट, चिकटलेला कण तुटून पडायच्या ऐवजी ओढला जातो, ओढताना कडक होतो आणि पुढचा आटा फाडतो. तिथं रॉकेल काय करणार, गंज असता तर सुटला असता.

खरा घोळ इम्पॅक्ट गनचा, म्हणजे झटके देत नट आवळणाऱ्या मशीनचा. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत साध्या हाय टेन्साइल (जादा ताकदीच्या स्टीलच्या) बोल्टवर गन मारायची सवय लागलेली, तो बोल्ट ते सहन करतो, एसएसला तीच गन कोरडी मारली की वेग, उष्णता आणि जाम. हातानं पाना मारला तर आधी कळतं, नट बोटानं फिरत असतो आणि मधेच जड लागतो, गरम लागतो. तिथंच थांबायचं, गार होऊ द्यायचं, उलटा फिरवून काढायचा. जोर केला की बोल्टच तुटतो. लांब आट्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) पळवत न्यायचा तर आणखी सावकाश.

आणि आट्याला अँटी सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट, निकेलची नाहीतर मॉलीची (मॉलिब्डेनमवाली). दूध किंवा गूळ पॅकिंगच्या मशीनला फूड ग्रेडच घ्यायची, तिथं कुठलीबी चालत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, पेस्ट लावल्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळं कोरड्या बोल्टचा टॉर्क (आवळायचा पिळाचा जोर) तसाच मारला तर बोल्ट जादा ताणला जातो, टॉर्क कमी करायला लागतो. बारीक आट्यापेक्षा जाड आटा बरा, एम १० (१० मिमी जाडीच्या) बोल्टमधे १.२५ पेक्षा १.५ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला घ्यावा. बोल्ट ३०४ आणि नट ३१६ असा केला तर थोडा फरक पडतो म्हणतात, पण पेस्ट सुटत नाही. काहीजण एसएस बोल्टला झिंकवाला लोखंडी नट लावतात, आवळायला सोपा जातो खरं, पण आपल्या पावसात तो नट आधी सडतो. वाळूत पडलेला बोल्ट तसाच लावणाऱ्यांबद्दल तर काय बोलायचं.

माझं म्हणणं एवढंच की सोसायटी असो, शाळा असो, महापालिका असो, मी बघितलेल्या टेंडरात 'सर्व नटबोल्ट एसएस ३०४' इथंच वाक्य संपतं. त्याच्यापुढं 'आट्यांना अँटी सीझ लावून, हातपान्याने आवळावेत' एवढं लिहायला काय जातंय? पेस्टची डबी ग्राइंडरवाल्याच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडते, आणि बिल पास करायच्या आधी दोन-चार नट समोर सोडून दाखव म्हणून ठेकेदाराला सांगता पण येतं.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर