वॉटरप्रूफिंग करूनही स्लॅब गळतोय, परत नुसता कोट मारून चालणार नाही

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,
नाशिक ब्रांच

नमस्कार,

मे महिन्यात तुमच्या कंपनीने आमच्या इंदिरानगरच्या घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. ८०० स्क्वेअर फूट, ४५ रुपये रेट, म्हणजे ३६,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ४२,४८० रुपये तुम्हाला ऑनलाइन दिलेत, पक्कं बिल आहे, ५ वर्षांचं वॉरंटी कार्ड आहे त्यावर तुमचा सही-शिक्का आहे. जुलैत पावसाने जोर धरला आणि मागच्या बेडरूमचा स्लॅब आधी जिथे गळायचा तिथेच परत गळायला लागला. कस्टमर केअरला फोन करून करून थकले, दरवेळी "मॅडम तक्रार नोंदवली आहे" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून आता सगळं लेखी देतेय.

आणि माझी तक्रार नुसतं गळतंय एवढीच नाहीये. पाणी कुठून आत शिरतंय हे तुमच्या माणसांनी शोधलंच नाही, ही खरी तक्रार आहे. आले, गच्ची झाडून घेतली, रोलरने पांढरा कोट मारला, तो वाळल्यावर दुसरा मारला आणि सामान आवरून निघाले. कोटेशनमध्ये लिहिलंय की क्रॅक कोरून भरणार, कोपऱ्यांना फायबर मेश, म्हणजे कोटच्या आत बसवायची बारीक जाळी, टाकणार, शेवटी गच्चीत ४८ तास पाणी साठवून टेस्ट करून देणार. क्रॅक कोरले नाहीत, मेशचं तर नुसतं नाव, आणि पाणी साठवायचं म्हटलं तर तुमचे सुपरवायझर म्हणाले की आता पावसाळ्यातच टेस्ट होईल. टेस्ट झाली, पण ती आमच्या अंगावर झाली ना! त्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात, त्यांना दम्याचा त्रास आहे, ओलीचा वास आणि भिंतीवरची काळी बुरशी त्यांना अजिबात सोसत नाही, आता त्यांचा पलंग हॉलमध्ये लावलाय.

तुमचे सुपरवायझर एकदा येऊन बघून गेले तेव्हा म्हणाले, यंदा पाऊसच इतका झाला, गोदावरीला पूर आला होता ना मॅडम. आता मी नाशिकचीच आहे. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून पूर केवढा हे आम्ही लहानपणापासून बघतोय, पण तो पूर गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा असतो, ते धरण भरतं तिकडे त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरातल्या पावसाने, त्याचा आमच्या गच्चीशी काय संबंध? इगतपुरीला जसा पाऊस कोसळतो तसा शहरात पडतच नाही. आणि पाऊस जास्त झाला म्हणून गळलं असं म्हणायचं असेल तर वॉटरप्रूफिंग करतात तरी कशासाठी?

मग म्हणाले टाकीचा पाईप लीक असेल. तेही आम्ही बघितलं. टाकी जिन्यावर आहे, बेडरूमच्या अगदी दुसऱ्या टोकाला, आणि टाकी तर उन्हाळ्यातही भरलेलीच असते पण तेव्हा स्लॅब खडखडीत कोरडा होता. पाईपचं पाणी बारा महिने गळतं, पावसाचं पावसातच गळतं. मी स्लॅबवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख टाकत गेले. उघडीप मिळाली की डाग आहे तिथेच थांबतो, रात्रभर पाऊस झाला की सकाळी रेघेच्या बाहेर गेलेला असतो. सगळे फोटो सोबत जोडलेत, तारखा वाचता येतात.

शेवटी गणपतीनंतर चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा आम्हीच शोधलं. घरी मूर्तीसाठी आणलेली शाडूची माती उरली होती, तिचे छोटे बांध घालून गच्चीचे भाग पाडले आणि एकेका भागात पाणी ओतून खाली बघत बसलो. मधल्या भागात दिवसभर पाणी ठेवलं, खाली थेंबसुद्धा नाही. मग मागच्या कोपऱ्यात, जिथे पावसाच्या पाण्याच्या पाईपची जाळी आहे, तिथे ओतलं आणि तासाभरात खाली पंख्याच्या रॉडवरून पाणी उतरायला लागलं, आधी रॉडला घाम आल्यासारखं आणि मग वाटीवरून थेंब. वर जाऊन नीट बघितलं तर पाईप आणि स्लॅब यांच्यामध्ये अख्खी फट आहे, त्यात काडी सहज जाते, आणि तुमचा कोट त्या फटीवरून नुसता पापुद्र्यासारखा ताणलाय आणि मधोमध फाटलाय. तो फाटणारच होता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशीचं ऊन, रात्री गार, स्लॅब रोज फुगतो आणि आकसतो, प्लास्टिकचा पाईप वेगळा हलतो, सिमेंट वेगळं हलतं, अशा जोडावर आधी फट भरून, मेश टाकून मग कोट मारायचा असतो ना. पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला पण तेच, भिंत आणि गच्ची मिळते तिथे वाटा, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेणारा सिमेंटचा उतार, मारलेला नाही, कोट भिंतीवर निदान फूटभर चढवायला हवा होता तो चार बोटं चढवून सोडून दिलाय. ही कामं तुम्ही रोज करता, हे तुम्हाला मी सांगायची वेळ यायला नको होती.

आता हे काम का लांबवता येत नाही ते पण वाचा. डागाच्या कडेला पांढरा खार होता तोपर्यंत ठीक होतं, आता एका सरळ रेषेत तपकिरी ओघळ यायला लागलेत, म्हणजे आतली सळई गंजायला लागलीये. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं तर तेवढ्या भागात बद्द आवाज येतो, बाकी स्लॅब खणखणीत आहे. हे प्लास्टर उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर? पंख्याच्या पॉइंटमधून पाणी येतंय म्हणून त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेचा मेन स्विच, आम्ही पाडूनच ठेवलाय, संध्याकाळी तिथे अंधार असतो. आणि तुमचे सुपरवायझर मला म्हणतात खालून पुट्टी मारून रंग देतो, डाग दिसणार नाही! डाग दिसू नये म्हणून नाही ओ पैसे दिले. ओल्या स्लॅबवर पुट्टी टिकतही नाही, आणि खालून झाकलं तर आत काय चाललंय ते कळणारच नाही. खालून कुणी ब्रश लावायचा नाही, हे स्पष्ट सांगते.

मला काय हवंय ते लिहिते. आत्ता गच्ची ओली आहे, ओलीवर कोटिंग धरत नाही हे मला कळतं, म्हणून आत्ताच पक्कं काम करा असं मी म्हणत नाहीये. पण या आठवड्यात माणूस पाठवून ती पाईपची फट तात्पुरती बंद करा आणि कोपऱ्यावर ताडपत्री बांधून द्या, परतीचा पाऊस अजून व्हायचाय. ऑक्टोबरमध्ये ऊन पडून गच्ची वाळली की पाईपभोवतीचं खोदून पक्कं भरा, वाटे मारा, मेश टाका, मग कोट, आणि माझ्यासमोर ४८ तास पाणी साठवून दाखवा. आतलं सुटलेलं प्लास्टर काढून सळई साफ करून दुरुस्त करायचं कामही तुमच्याच खर्चाने, कारण ते यंदाच्या गळतीने झालंय. वॉरंटीची ५ वर्षं त्या दिवसापासून नव्याने धरून तसं लिहून द्या. हे जमणार नसेल तर ४२,४८० रुपये परत करा, मी दुसऱ्याकडून करून घेईन.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करणार आणि मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी सुद्धा लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. कोटेशनमध्ये लिहिलेलं काम न करणं ही सेवेतली त्रुटीच आहे आणि तुमचं कोटेशन माझ्याकडे आहे. तिथवर जायची मला हौस नाही, मला कोरडं छत पाहिजे.

बिल, कोटेशन, वॉरंटी कार्ड, पेन्सिलच्या रेघांचे फोटो आणि रॉडवरून पाणी उतरतानाचा व्हिडिओ सोबत पाठवलाय. माझा नंबर तुमच्या रेकॉर्डला आहे. येताना नुसतं बघून जाणाऱ्याला पाठवू नका, वॉरंटीवर ज्यांची सही आहे त्यांना पाठवा, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, मी स्वतः गच्चीवर घेऊन जाईन.

तुमची ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक