‘पडताळणी केलेला ब्रीडर’ या नावाखाली विकलेल्या पिल्लाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय: लॅब्रॅडॉरचे पिल्लू कमी वयाचे, बिनचिपचे व पार्वोची (पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झालेले निघाल्याबाबत, आणि पडताळणी शुल्काच्या परताव्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही लॅब्रॅडॉरचे एक नर पिल्लू घेतले. पिल्लाचे २४,००० रुपये, वाहतुकीचे १,८०० आणि ‘ब्रीडर पडताळणी शुल्क’ १,५००, असे एकूण २७,३०० रुपये भरले. बिलावर चार गोष्टी छापल्या आहेत: वय ६० दिवस, लसीकरण पूर्ण, मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवलेली, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरसह. चारपैकी एकही खरी निघाली नाही. पिल्लू आजारी निघाले ही तक्रार आहेच, पण ती दुसऱ्या नंबरची. आजारी पिल्लू एखाद्या वेळी चांगल्या ब्रीडरकडूनही येते. पहिली तक्रार त्या १,५०० रुपयांची आहे, कारण त्या पैशात जे बघायचे होते ते कोणीही बघितलेले नाही.

पिल्लू पहाटे साडेपाचला कोल्हापुरात कावळा नाक्यावर खासगी ट्रॅव्हल्सने उतरले. केळ्याचे खोके, पेनाने पाडलेली सहा भोके, आत लघवीने भिजलेले वर्तमानपत्र. पाण्याचे भांडे नाही. क्लीनरने खोके सामानाच्या डिकीतून काढून हातात दिले. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्र्याबरोबर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. तो खोक्यात नव्हता, नंतर ईमेलनेही आला नाही.

त्याच सकाळी पिल्लू डॉक्टरांना दाखवले. वजन २ किलो ६०० ग्रॅम. दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉर साधारण पाच किलोच्या आसपास भरते. एकवेळ वजन खाण्यावर ढकलता येईल, दात ढकलता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात बहुतेक पूर्ण असतात. या पिल्लाचे पुढचे दात आणि सुळे आले होते, पण दाढांनी हिरडीतून नुकते टोक काढले होते. डोळ्यांत निळसर झाकही होती. वय ५ ते ६ आठवडे, असे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिले आहे. कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई आहे. बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचे झाले की न्या’ असे सर्रास म्हणतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो बाजाराचा रिवाज, नियम नव्हे. आणि हे पिल्लू पंचेचाळीस दिवसांचेही नव्हते.

आता लसीचे कार्ड. त्यावर ९-इन-१ (पार्वो, डिस्टेंपर अशा अनेक रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीज या दोन्ही लसी एकाच दिवशी दाखवल्या आहेत, पिल्लू आमच्याकडे येण्याच्या २२ दिवस आधी. तुमच्या बिलावरचे ६० दिवसांचे वय खरे धरले तर त्या दिवशी पिल्लू ३८ दिवसांचे होते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात आणि पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस सहा आठवड्यांनंतर. त्याआधी दिली तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्तीच ती लस निकामी करते. म्हणूनच एका लसीवर काम भागत नाही. चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यावा लागतो. सहा आठवड्यांच्या पिल्लाला ‘लसीकरण पूर्ण’ असा शब्दच लागू होत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेले वय धरले तर ही दोन इंजेक्शने डोळे नुकते उघडलेल्या, दोन-तीन आठवड्यांच्या जीवाला दिली असे होते. कार्डावर बाटलीचे स्टिकर आहेत, पण डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही. स्टिकर कोणीही चिकटवतो.

चिप नाही. डॉक्टरांनी मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत तीनदा स्कॅनर फिरवला, १५ आकडी नंबर कुठेच उमटला नाही. केसीआयचा पेपर ‘नंतर कुरिअरने येईल’ असे आपल्या प्रतिनिधीने सांगितले. चिपच नसेल तर उद्या येणारा पेपर याच पिल्लाचा कशावरून? तो कुठल्याही पिवळ्या लॅब्रॅडॉरला लावता येईल. तसाही तो पेपर वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. हे आपल्या जाहिरातीत कुठेच नाही. तिथे ‘केसीआय म्हणजे हेल्दी’ असेच लिहिले आहे.

आल्यापासून तीस तासांत पिल्लाने दोनदा पिवळी उलटी केली, खाणे सोडले आणि रात्री रक्ताची पातळ हगवण सुरू झाली. त्या वासाची ज्यांना ओळख आहे त्यांना पुढचे सांगावे लागत नाही. विष्ठेची किट टेस्ट पार्वो पॉझिटिव्ह आली, रक्तात पांढऱ्या पेशी १,९०० इतक्याच भरल्या. आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर असे: ‘कोल्हापूरचं पाणी बदललं असेल, दही-भात द्या.’ पाणी बदलल्याने हगवण लागते, पांढऱ्या पेशी कोसळत नाहीत. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. तीस तासांत लक्षणे दिसली याचा अर्थ पिल्लू बसमध्ये बसवतानाच विषाणू त्याच्या पोटात होता. दुसऱ्या फोनला ‘लसीमुळे किट पॉझिटिव्ह दाखवते’ असे सांगितले गेले. लसीनंतर काही दिवस फिकट रेघ येऊ शकते हे खरे, पण तुमच्याच कार्डाप्रमाणे लस २२ दिवसांपूर्वीची आहे. शिवाय लसीने रक्ती हगवण होत नाही. सहा दिवस सलाईन, उलटी थांबवणारी आणि अँटिबायोटिक इंजेक्शने झाली. पिल्लू वाचले. खर्च ११,४६० रुपये.

आता पडताळणीच्या त्या हिरव्या टिकबद्दल. ज्या ब्रीडरच्या नावापुढे आपण ‘पडताळणी केलेला’ लिहिले आहे, त्याच्याच पानावर लॅब्रॅडॉर, पग, शिह त्झू, बीगल, हस्की, रॉटवायलर आणि पॉमेरेनियन अशा सात जातींची पिल्ले ‘आज उपलब्ध’ आहेत. नियमाप्रमाणे मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय वापरायची नाही, वर्षाला एकच वेत, जन्मात पाचाहून जास्त नाही. हे पाळणाऱ्याकडे सात जातींची पिल्ले रोज तयार असायला किती माद्या लागतील याचा हिशोब आपण एकदा करून बघा. मन लावून प्रजनन करणारा माणूस एक-दोन जातींवर थांबतो आणि गिऱ्हाइकाला वाट बघायला लावतो. उलट तोच विचारतो: घर कसले, दिवसभर माणूस असते का, आधी कुत्रे होते ते कशाने गेले. आमच्याकडून त्याने फक्त यूपीआय विचारला.

तिथे कोणी खरेच गेले असते तर पहिल्यांदा आई दाखव म्हणाले असते. आमच्या भागात कारवानी जातीचे शिकारी कुत्रे घेणारा माणूससुद्धा आधी कुत्री बघतो, मग पिल्लू. आई पिल्लांजवळच हवी, आचळ दूध पाजून ओघळलेले दिसायला हवेत, आणि ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबणारी किंवा अंगावर धावणारी नको. ‘आई गावाला आहे’ म्हटले की तिथेच उठायचे. राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि वेताची नोंदवही मागायची: जन्म कधी, पिल्ले किती, मेली किती, जंताचे औषध कोणत्या तारखांना. ते दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचे असते. आमच्या पिल्लाचे पोट ढोलकीसारखे आणि फासळ्या मोजता येतील अशा होत्या. जंत ओळखायला याहून वेगळी तपासणी लागत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो आणि दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून तो कळत नाही, म्हणून आई-बापाचे दोन वर्षांनंतर काढलेले एक्स-रे बघायचे. हिरड्या गुलाबी, बेंबीपाशी गाठ नाही, शेपटीखाली चिकट डाग नाहीत, नराचे दोन्ही अंड उतरलेले, मागे टाळी वाजवली तर मान वळते. एवढे बघायला एका पिल्लामागे पाच मिनिटे लागतात. शुल्क १,५०० रुपये आहे.

आपण दिलेला तोडगा म्हणजे ‘हे पिल्लू परत पाठवा, दुसरे देतो’. तो आम्हाला मान्य नाही. पार्वोतून उठलेले पिल्लू पुढे काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहते. त्याला पुन्हा त्या डिकीत घालायचे म्हणजे शेजारच्या खोक्याला प्रसाद वाटायचा. आणि नवे पिल्लू त्याच घरात आणायचे? हा विषाणू फरशीच्या सांध्यात, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साधे फिनेल त्याला पुरत नाही. एकास तीस प्रमाणात ब्लीच घेऊन फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी लागते, आणि मातीला तोही उपाय लागू पडत नाही. लस पूर्ण न झालेले पिल्लू अशा घरात पाठवायची तयारी दाखवणाऱ्या कंपनीला पार्वो म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असे आम्ही समजतो.

एक गोष्ट मात्र आजच करा, आमच्या पैशांचे नंतर बघू. याच वेताची आणखी पाच पिल्ले त्या आठवड्यात विकल्याचे आपल्या पानावर दिसते. त्या पाचही घरांना फोन करून सांगा की भावंडाला पार्वो निघाला आहे. उलटी होण्याची वाट न बघता त्यांनी डॉक्टर गाठले तर ती पिल्ले वाचण्याची शक्यता वाढते.

आमची मागणी: पडताळणी व वाहतूक शुल्क ३,३०० रुपये, उपचाराचे ११,४६० रुपये, आणि आपल्याच संकेतस्थळावर बिनपेपरचे लॅब्रॅडॉर १३,००० ला आहे म्हणून किमतीतला फरक ११,००० रुपये, एकूण २५,७६०. शिवाय त्या ब्रीडरचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक लेखी द्यावा आणि त्याच्यापुढची हिरवी टिक काढावी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण आपल्यावर बंधनकारक आहे. ते न झाल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तो करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यासाठी पुण्याला यायची गरज पडणार नाही.

बिल, लसीचे कार्ड, केसपेपर, किट टेस्टचा फोटो, रक्ततपासणी आणि खोक्याचे चार फोटो सोबत जोडले आहेत. पिल्लू आमच्याकडेच राहील. त्याची पहिली खरी लस डॉक्टर सांगतील त्या दिवशी होईल, आणि त्या कार्डावर सही-शिक्का असेल.

आपले,
एक ग्राहक कुटुंब
राजारामपुरी, कोल्हापूर