फळी गळत नाही, सांधा गळतो

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सलाम.

मासेमारी बंद असते त्या १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत बायबलमधलं स्तोत्र १०७ पाठ करायचं, हा हिशेब तुमचा. ओव्या, म्हणजे त्यातली क्रमांक दिलेली वचनं, ४३. रविवार वगळले की ५२-५३ दिवस; रोज एक ओवी धरली तरी नऊ-दहा दिवस निव्वळ उजळणीला राहतात. होड्या वर ओढलेल्या असताना समुद्रातल्या वादळाचं स्तोत्र का निवडलंत, हे इथे कुणाला विचारावं लागलं नाही.

ओवी बघून दहा वेळा मोठ्याने, मग न बघता दहा वेळा. आधी ठिकाण, म्हणजे स्तोत्राचा आणि ओवीचा क्रमांक, मग ओवी, पुन्हा ठिकाण. नाहीतर ओवी येते, पण कुठली ते सांगता येत नाही. सात दिवस रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा. एवढं कुणीही सांगेल.

खरे आभार आहेत ते सांध्यांसाठी, म्हणजे एका ओवीतून पुढच्या ओवीत जायच्या जागांसाठी. या स्तोत्रात संकटात धावा केल्याची ओवी चारदा येते: ६, १३, १९, २८. देवाचे आभार मानावेत ही ओवीही चारदा: ८, १५, २१, ३१. इथेच जीभ घसरते. तेराव्या ओवीवरून थेट एकोणतिसावीवर उडी, आणि मधले आजारी लोक गायब! तुम्ही धाव्याच्या पुढे एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकलात: ७ ला मार्ग, १४ ला अंधार, २० ला वचन, २९ ला वादळ. म्हणजे वाट चुकलेले, कैदी, आजारी, खलाशी. आभारानंतर तसेच तहानलेला जीव, पितळेची दारं, यज्ञ, मंडळी. शिवाय दिवसाआड सुरुवात सतराव्या ओवीपासून करायला लावलीत. नेहमी पहिलीपासून म्हटलं की पहिल्या दहा घोटून गुळगुळीत होतात आणि मधल्या कच्च्याच राहतात.

मराठीत चूक वाक्याच्या शेवटी होते. ‘सोडवले’च्या जागी ‘तारले’ आलं तर अर्थ चालून जातो, म्हणून कानाला खटकत नाही. त्यावर तुमची चिठ्ठी: प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर, क्रियापद मात्र पूर्ण. जोडाक्षर फोडायचं नाही. नुसता ‘प’ लिहिला तर ‘परमेश्वर’ की ‘प्रभू’ कळत नाही. लिहायचं पेन्सिलीने, कारण पावसाच्या ओलीत शाई पसरते. ठेवायची तांदळाच्या डब्यात. आणि भाषांतर एकच. जुनं आणि सोपं एकत्र आलं की दोन्हींची खिचडी होते.

चालीबद्दल तुम्ही कडक होतात, ते बरंच झालं. फादर स्टीफन्स यांचं १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य मुळातच ओवी या छंदात आहे, ते गाता येतं. गद्य भाषांतर चालीत कोंबलं की ‘तर’, ‘हो’, ‘रे’ आगाऊ घुसतात, आणि पुढे चालीशिवाय शब्दच सुचत नाहीत.

ऐकणारीचा नियमही तुमचाच. पुस्तक उघडं ठेवूनच ऐकायचं. म्हणणारी अडली तर मनात पाचपर्यंत मोजायचं, मग फक्त पहिलं अक्षर द्यायचं. दया येऊन अख्खा शब्द दिला की उद्या ती तिथेच अडणार.

आता तुम्ही स्तोत्र ११९ म्हणताय. आठ-आठ ओव्यांचे २२ भाग, एकूण १७६. एका पावसाळ्यात ते बसायचं नाही, पण रोज एक ओवी या मापाने आलेफपासून वावपर्यंतचे (भागांना हिब्रू अक्षरांची नावं आहेत) पहिले सहा भाग, म्हणजे ४८ ओव्या, बसतील. तेवढ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या आहेत.

तुमच्या,
महिला संघातल्या आम्ही सगळ्या