पोरांच्या पेशींवर औषधं तपासायचीत, हातभार लावा

नमस्कार मंडळी, आपल्या पालक गटातर्फे लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

ज्यांच्या घरी मेटाबॉलिक आजाराचं मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक घास वजनकाट्यावर, रात्री गजर लावून उठायचं आणि झोपेतच फीड द्यायचं, साधा ताप आला तरी बॅग भरून हॉस्पिटल. बाकीच्यांसाठी सांगते, एका जीनमध्ये जन्मापासून बिघाड असतो, त्यामुळे एखादं एन्झाइम, म्हणजे अंगात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणारं प्रोटीन, नीट चालत नाही आणि जे पुढे जायला हवं ते अंगात साठत राहतं, मग मेंदू, लिव्हर, कशालाही फटका बसतो. असे आजार शेकडो आहेत आणि बहुतेकांवर नेमकं औषधच नाही, कारण एकेकाचे पेशंट फार थोडे.

आता ज्या लॅबबरोबर आपण काम करायचं ठरवलंय ती केमिकल जिनॉमिक्सच्या पद्धतीने, म्हणजे पेशींवर एकेक रसायन तपासून, औषध शोधणार आहे. मुलाच्या त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्यातून पेशी वाढवायच्या, मग तळहातावर मावेल अशा प्लेटमधल्या 384 खळग्यांत त्या टाकायच्या आणि जवळजवळ प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन घालून बघायचं, की साठलेला पदार्थ कुठे कमी होतोय. आधीपासून वापरात असलेली औषधंही त्यात असतील, त्यातलं एखादं लागू पडलं तर बराच वेळ वाचतो.

हे नुसतं स्वप्न नाहीये हो. टायरोसिनेमिया टाइप 1 या अशाच एका आजारावरचं निटिसिनोन हे औषध मुळात तणनाशकाच्या संशोधनातून आलं! ते बिघडलेलं एन्झाइम दुरुस्त करत नाही, त्याच्या आधीच्या टप्प्यावरच नळ बंद करतं, म्हणजे विषारी पदार्थ तयारच होत नाही. 1992 साली त्याचे पहिले रिझल्ट छापून आले, त्याआधी या मुलांसाठी डायट आणि लिव्हर ट्रान्सप्लांट एवढंच होतं. फॅब्री या अशाच दुसऱ्या आजारावरचं मिगालास्टॅट हे औषध तर नीट घडी न बसलेल्या एन्झाइमला सावरतं, पण जीनमध्ये ठरावीक म्युटेशन, म्हणजे ठरावीक बिघाड, असतील तरच. म्हणून तर वेगवेगळ्या मुलांच्या पेशी हव्यात, एकाच्या पेशींवरून सगळ्यांचं कळत नाही.

खरं तेच सांगते, बहुतेक खळग्यांत काहीच सापडणार नाही, आणि सापडलं तरी पुढे ट्रायलला वर्षं जातात. आपल्याच मुलांना उपयोग होईल असं वचन कोणी देऊ शकत नाही, तरी आम्ही सुरू करतोय.

पैसे मुख्यतः पेशी वाढवायला आणि प्लेट्सना लागतील. जमेल तेवढे द्या, रक्कम छोटी म्हणून संकोच करू नका, खजिनदार पावती देतील आणि हिशोब दर महिन्याला गटात टाकू. सॅम्पल द्यायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, मुलाचं दुसरं काही ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्याच वेळी घेता येईल का ते विचारा, उगाच वेगळी सुई नको. संमतीपत्र नीट वाचून मगच सही करा, नाही म्हटलंत तरी कोणी नाराज होणार नाही. डेटाचं काम येणारं कोणी असेल तर तेही हवंय.

आणि कृपा करून हे वाचून कोणी डायट सोडू नका किंवा स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका.