नेरळचं भांडण तूच जिंकलास

बाळ्या,

दोन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण आधी हे ऐक. नेरळच्या इंजिनाबद्दल तुझंच बरोबर होतं.

आठवीच्या सहलीत तू त्या माथेरानच्या इंजिनाखाली घुसून ओरडलास, "आस केवढा जाड आहे बघ, ही चाकं वळत असणार!" मी म्हटलं, चाकांना जोडणारे दांडे सरळ आणि चाकं वळली तर दांडेच मोडतील. परतीच्या एसटीत महाडपर्यंत आपण बोललो नव्हतो. आता नीट वाचून काढलंय. दिसतो तो आस पोकळ आहे, चाकं त्याच्यावर. खरा आस आतून जातो, दांडे त्याला जोडलेले, तो सरळच राहतो. मधोमध गोल गाठ, तिच्यावर बाहेरचा आस वळणात तिरका होतो. क्लिन-लिंडनर म्हणतात त्या रचनेला. १९०७ ची लाइन, रुळांत अंतर दोनच फूट, विसाला एक असा चढ आणि ती वळणं! साध्या ताठ आसांचं इंजिन तिथे अडखळलंच असतं.

त्याच इंजिनाचं छोटं मॉडेल मी केलंय, रे. नऊ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालणारी तयार मोटर आणि चाकं विकत घेतली, वर प्लॅस्टिकच्या पत्र्याचं अंग चढवलं. धुराड्याची कड चार वेळा कापली. आपल्याकडे गाडी आली तीच डिझेलवर, त्यामुळे गावातल्या पोरांनी वाफेचं इंजिन बघितलेलंच नाही. म्हणून चतुर्थीला गणपतीच्या चौरंगाभोवती ते फिरवीन, असं पुतण्याला कबूल करून बसलोय.

आणि तिथेच घोळ आहे. गाडी समोरून छान जाते, मूर्तीमागे शिरते आणि थांबते. पुतण्या विचारतो, "काका, गणपतीन खाल्ल्यान काय गाडी?" सगळे हसतात, मला झोप लागत नाही. मोटरला करंट कंट्रोलरकडून रुळांतूनच येतो, त्यामुळे आधी वाटलं रूळ मळले, म्हणून पॉलिश पेपरने घासले. ती चूकच, ओरखड्यांत मळ जास्तच धरतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. तरी तेच. मोटर बदलू का? चढ नाही, वजन नाही, मग का? काल मीटर लावला: कंट्रोलरपाशी १२ व्होल्ट, मूर्तीमागे जेमतेम ७. रुळांचे जोड उपसून बघितले तर आतून हिरवे! जुलैचा पाऊस, पडवीतली ओल आणि आपली खारी हवा. जोडांतून करंट पुढे नीट जातच नाही. प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर सोल्डर केली तर जोडांवर भिस्तच राहणार नाही. पण माझा हात थरथरतो, खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळतात. दोन तुकडे असेच गेले. फळीसुद्धा फुगलीय, मरीन प्लाय घ्यायला हवा होता.

गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आलं की खोलीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे हातात फार तर आठ दिवस.

आईचे गुडघे तसेच, माझी साखर बरी. तुझ्या नव्या जागेची वास्तुशांत झाली म्हणे, आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग, धाकटीच्या दहावीचं काय ते कळव.

तू चतुर्थीच्या आधी दोन दिवस ये. शाळेत रेडिओ जोडायचास तो हात मला हवाय. आणि येताना बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आण, इथे मिळतं त्याचं टोक बोटाएवढं आहे.

तुझा,
नाना