बाबांना, बसच्या शंभरीनिमित्त

मेलबर्न,
१७ मे २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोज होतोच, पण हे फोनवर नीट बोलणं होणार नाही म्हणून कागद घेतला. येत्या १५ जुलैला मुंबईच्या बसला शंभर वर्षं पूर्ण होतील. १९२६ साली पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली, हे मी शाळेत असताना तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्या शंभर वर्षांतली एकतीस, कंडक्टर म्हणून, तुमची आहेत, बाबा. परवा हिशेब केला आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

इथे मी ९६ नंबरच्या ट्रामने कामावर जाते. सध्या थंडी पडायला लागली आहे, सकाळी काचांवर वाफ धरते. ट्राम वळणावर आली की रुळांचा कर्र आवाज होतो, ड्रायव्हर घंटा वाजवतो, आणि मला तुमची दादर टीटीची गोष्ट आठवते. ३१ मार्च १९६४ ची रात्र, बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम, आणि आजोबांच्या खांद्यावर बसलेले आठ वर्षांचे तुम्ही. १८७४ साली घोड्यांवर सुरू झालेली आणि १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम त्या रात्री संपली. रुळांवर डांबर पडलं. आता टॅक्सीवाल्याला ‘टीटी’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण त्यातला एक ‘टी’ ट्रामचा आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

त्याच काळात जगातल्या कितीतरी शहरांनी ट्राम काढल्या. मेलबर्नने काढल्या नाहीत. इथल्या ट्राम मंडळाचे प्रमुख रॉबर्ट रिसन हट्टाला पेटले. त्यांनी रूळ काँक्रीटमध्ये असे पक्के बसवून घेतले की उखडायचं म्हटलं तरी खर्च परवडू नये. आज इथे सुमारे अडीचशे किलोमीटरचं जाळं आहे, जगातलं सगळ्यांत मोठं. शहराच्या मध्यभागात तर २०१५ पासून तिकीटही लागत नाही. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आपल्याकडे कुणीतरी असा हट्ट धरायला हवा होता.

पण इथेही एक गोष्ट गेली, आणि ती तुमची आहे. १९९८ पासून ट्राममध्ये कंडक्टर नाही. कार्ड मशीनला लावायचं, ‘टिंग’ झालं की झालं. मागच्या आठवड्यात शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, पूर्वी कंडक्टर हात धरून चढवायचा, आता पाय घसरला तर कोण बघतं? मी त्यांना सांगितलं, माझे वडील मुंबईत बस कंडक्टर होते. त्यांनी माझा हात धरला आणि स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

मग मला तुमची तिकिटांची पेटी आठवली. पत्र्याची, कोपऱ्यावर पोचा आलेली, आत रंगांप्रमाणे लावलेल्या तिकिटांच्या गड्ड्या. घरी आलात की मी ती मांडीवर घ्यायचे. तुम्ही पंच माझ्या हातात द्यायचात आणि मी रिकामीच टिकटिक करत बसायचे. चामड्याच्या बॅगेला नाण्यांचा वास असायचा. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. मराठी आकडेही मी बसच्या कपाळावरूनच शिकले.

सुट्टीत तुम्ही मला ३१० नंबरच्या डबलडेकरवर घेऊन जायचात. वरच्या मजल्यावरची पहिली सीट, समोर काच, आणि झाडाची फांदी अंगावर येतेय असं वाटून मी डोळे मिटायचे. खालचा कंडक्टर वेगळा, वरचे तुम्ही. जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. त्या दिवशी फोनवर तुम्ही फारसं बोलला नाहीत, ‘हार घातला होता गाडीला’ एवढंच म्हणालात.

त्याच गाडीने २६ जुलै २००५ ला माणसं वाचवली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, खाली पाणी सीटच्या वर, आणि तुम्ही सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेऊन रात्रभर बसवलंत. एका बाईंच्या तान्ह्या बाळाला तुमचा खाकी शर्ट गुंडाळला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बनियनवर घरी आलात. आई रडत होती आणि तुम्ही म्हणालात, आधी डेपोत पैसे भरून आलो, कॅश भिजली होती. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. कर्तव्य हा शब्द कुणी उच्चारला की मला तो बनियन दिसतो.

दादाने मेट्रो तीनचे फोटो पाठवले होते. कफ परेडपर्यंत जमिनीखालून साडेतेहेतीस किलोमीटर! फार अभिमान वाटला. मेट्रो हवीच, लोकलवरचा भार कमी व्हायलाच हवा. पण स्टेशनपासून घरापर्यंत, हॉस्पिटलच्या दारापर्यंत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसच पोचवते. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या गाड्या आता तीन हजारांच्याही आत आल्या आहेत, हे वाचून माझ्या पोटात कालवलं. शेवटच्या ट्रामची रात्र ठरलेली होती म्हणून लोक निरोपाला तरी जमले. बस एकेक गाडीने कमी होतेय, तिच्यासाठी कोण जमणार? तुमच्या निवृत्त मित्रांनी १५ जुलैला काही ठरवलं असेल तर हे तिथे नक्की बोला. तुमचं ऐकतील.

या पत्रासोबत एक कोरी वही पाठवते आहे. तिच्यात रोज एक पान लिहा. मार्ग, डेपो, पहिली ड्यूटी, पावसाळ्यातल्या फेऱ्या, जे आठवेल ते. शुद्धलेखनाची काळजी नको. आई, तू त्यांना दुपारच्या चहानंतर बसव, नाहीतर ते टाळतील. आणि तेल रोज लाव गुडघ्याला.

पहिल्या पानावर मात्र हे लिहा, बाबा. तुम्ही म्हणता त्या रात्री शेवटची ट्राम फक्त पाहिली. आजोबा मला सांगायचे, गर्दीतून रेटून तुम्हाला आत चढवलं होतं आणि पुढच्या वळणापर्यंत नेलं होतं. खरं कुठलं?

तुमची,
माई