तमिळ जैनांविषयी, दत्तास

जयसिंगपूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तमिळनाडूतले जैन म्हणजे चेन्नईतल्या सौकारपेटचे मारवाडी-गुजराती व्यापारी, असं तू परवा फोनवर म्हणालास. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. ती मंडळी उत्तरेकडून आलेली. तमिळ जैन मात्र त्याच मातीतले. वंदवासी, आरणी, तिंडिवनम या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात, घरात तमिळच बोलतात. आपल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या जैनांसारखेच दिगंबर आणि नांगरधारी! त्यांचा मठ मेलसित्तामूरला आहे, आणि तिथल्या भट्टारकांचं, म्हणजे मठाधिपतींचं, पीठनाम लक्ष्मीसेन, म्हणजे कोल्हापूरच्या मठाचंच.

मदुराईजवळ मांगुळमच्या डोंगरात साधूंसाठी कोरलेल्या दगडी शय्या आहेत. तिथले तमिळ-ब्राह्मी लेख इसवीसनाच्याही आधीचे, त्यांत पांड्य राजा नेडुंचेळियनचं नाव येतं. सातव्या शतकात शैव भक्तीची लाट आली आणि राजाश्रय आटला. शैव संत अप्परही आधी जैन साधू होते, असं परंपरा सांगते. पण जैन काही संपले नाहीत. तमिळचं मान्यवर व्याकरण ‘नन्नूल’ तेराव्या शतकात पवणंदी या जैन मुनींनीच लिहिलं.

मला सर्वांत हलवून टाकते ती उ. वे. स्वामिनाथ अय्यरांची हकिगत. ते शैव मठात शिकलेले विद्वान, कुंभकोणमच्या कॉलेजात तमिळ शिकवायचे. तिथले मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना ‘जीवक चिंतामणी’बद्दल विचारलं. हे जैन महाकाव्य त्यांनी वाचलेलं नव्हतं. पोथी मिळाली, पण जैन संकल्पनांपाशी अडायला व्हायचं. मग ते गावातल्या जैनांच्या घरी जाऊ लागले. तिथे हे काव्य श्रद्धेनं वाचलं जात होतं आणि त्या घरांतल्या जाणत्यांना अर्थ सांगता येत होता. १८८७ साली ग्रंथ छापून झाला. एका शैव पंडितानं जैनांच्या दारी जाऊन विचारावं आणि त्यांनी मोकळ्या मनानं सांगावं, याहून मोठा वारसा कुठला रे?

सुट्टी काढून तिरुमलैला जाऊन ये, तिरुपतीच्या नव्हे, आरणीकडच्या. कातळात कोरलेली नेमिनाथांची सुमारे सोळा फुटी मूर्ती आहे, आणि पायथ्याशी राजराज चोळाच्या बहिणीच्या, कुंदवैच्या, नावाचं जिनालय. मेलसित्तामूरला मात्र दिवसाउजेडी पोहोच, जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. सित्तन्नवासलच्या जैन लेण्यातली भित्तिचित्रं माझ्यासाठी राखून ठेव, डिसेंबरात मी येतोच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू